कन्ना चौकाजवळचं मेडिकल: तापाची पुडी न देणारं दुकान

सोलापूरच्या कन्ना चौकाच्या परिसरातल्या या मेडिकलमध्ये जाऊन कुणी ‘ताप आहे, अंग दुखतंय, एक पुडी बांधून द्या’ म्हणालं, तर पुडी मिळत नाही. आधी विचारपूस होते. ताप कधीपासून आहे, थंडी वाजून येतो का, श्वास घेताना छातीत टोचतं का, बेडका कोणत्या रंगाचा पडतो, साखर आहे का, याआधी कुठून काय घेतलंय. काउंटरवरच्या फार्मासिस्ट ताई हे सगळं पाच मिनिटांत विचारून घेतात आणि मगच ठरवतात, की पॅरासिटामॉल देऊन घरी पाठवायचं की थेट डॉक्टरांकडे. या विचारपुशीला कंटाळून काही लोक दुकानाला एक चांदणी देतात. ‘चिठ्ठीशिवाय औषध देत नाहीत, उगाच डोकं खातात,’ अशी त्यांची तक्रार असते. माझ्याकडून पाचपैकी पाच. का ते सविस्तर लिहिते, कारण या भागात मागावर, विडीवर आणि शिलाईवर पोट असलेली हजारो माणसं राहतात आणि आजारासाठी एक दिवसाची मजुरी बुडवणंही त्यांना परवडत नाही. पुडीची मागणी इथे त्याच अडचणीतून येते.

पुडी म्हणजे काय ते सोलापूरकरांना सांगायला नको, तरी बाहेरच्यांसाठी सांगते. पाकिटातून कापून काढलेल्या चार-पाच सुट्या गोळ्या कागदात बांधून देतात. एक अँटिबायोटिक, एक डायक्लोफिनॅकसारखी दुखण्याची गोळी, एक ॲसिडिटीची, आणि बऱ्याचदा एक अगदी बारीक गोळी. ती बारीक गोळी म्हणजे स्टेरॉइड, शरीरातला दाह दाबणारं औषध, बहुतेक वेळा डेक्सामेथासोन. गोळ्यांवर नाव नाही, कागदावर नाव नाही. सकाळ-संध्याकाळ घ्या, एवढंच तोंडी सांगणं. वीस-तीस रुपयांत माणूस दुसऱ्या दिवशी कामावर उभा राहतो, म्हणून ती ‘पावरफुल’ समजली जाते.

माझा मोठा भाऊ, आमचे अण्णा, टॉवेलच्या कारखान्यात मागावर आहेत. वय साठीकडे झुकलेलं, साखर आहे. यंदा संक्रांतीच्या सुमाराला, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत त्यांना हुडहुडी भरून ताप आला आणि उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं. कारखान्याजवळच्या एका दुकानातून त्यांनी पुडी आणली. ताप उतरला, दुखणं गेलं, भूकसुद्धा लागली, आणि ते पाळीवर गेले. पुड्या संपत आल्या तसा ताप परत आला. ते दुकान तेव्हा बंद होतं म्हणून वहिनींनी मला फोन केला आणि मी त्यांना घेऊन या मेडिकलमध्ये आले. माझ्या थायरॉइडच्या गोळ्या नेहमी इथूनच जातात.

अण्णांनी खिशातून उरलेली अर्धी पुडी काढून काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, ‘असलीच अजून एक द्या की ओ ताई, यानं बरं वाटतंय.’ ताईंनी गोळ्या उलटसुलट करून पाहिल्या. बारीक गोळीवर बोट ठेवून विचारलं, ‘काका, ही किती दिवस घेतलीत?’ मग काउंटरच्या आतून स्टूल काढून त्यांना बसवलं, बोटाला ऑक्सिमीटर लावलं आणि घड्याळ पाहत त्यांचे श्वास मोजले. ऑक्सिजन ८९ होता. श्वास मिनिटाला तिसाच्या वर. अण्णा मात्र म्हणत होते की तसा त्रास काही नाही, जरा अशक्तपणा आहे. ताईंनी कुठलीही गोळी दिली नाही. एका चिठ्ठीवर त्यांनी पुडीतल्या ओळखू आलेल्या औषधांची नावं लिहिली, ‘डेक्सामेथासोन घेतलेलं आहे, मधुमेह आहे’ हे वाक्य अधोरेखित केलं, उरलेल्या गोळ्या एका पिशवीत घातल्या आणि मला म्हणाल्या, ‘मॅडम, घरी नेऊ नका, इथूनच रिक्षा करा. आणि ही चिठ्ठी डॉक्टरांच्या हातात द्या, बिलांच्या पिशवीत टाकू नका.’

ती चिठ्ठी किती कामाची होती ते दवाखान्यात कळलं. डॉक्टरांनी ती वाचली आणि रक्ताच्या रिपोर्टकडे वेगळ्या नजरेनं पाहिलं. मला समजावून सांगताना ते म्हणाले, की स्टेरॉइड घेतलेल्या माणसात पांढऱ्या पेशींचा आकडा औषधानंच वाढतो, आणि सीआरपी, म्हणजे शरीरात दाह किती आहे ते दाखवणारी तपासणी, औषधानंच कमी येऊ शकते. कुणी काही सांगितलं नाही तर दोन्ही आकडे फसवतात. एक्स-रेत उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग पांढराफटक दिसत होता, म्हणजे न्यूमोनिया. सोनोग्राफीत फुप्फुसाबाहेरच्या आवरणात पाणी दिसलं, आणि सुईनं काढल्यावर ते पाणी नव्हतं, पू होता. बरगड्यांतून नळी टाकावी लागली. साखर चारशेच्या पुढे गेली होती, त्यालाही स्टेरॉइडचा हातभार होताच. शिरेतून अँटिबायोटिक, इन्सुलिन, नळी, फुग्यात फुंकण्याचे व्यायाम, असं सगळं झालं. आता अण्णा घरी आहेत, जिना चढताना अजून थांबतात.

मी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. त्यामुळे हे प्रकरण ‘चुकीचं औषध मिळालं’ एवढ्यावर सोडून देणं मला जमलं नाही. ताप उतरत होता, दुखणं थांबत होतं, पुडीत अँटिबायोटिकसुद्धा होतं, मग आत पू कसा झाला? पुढच्या वेळी गोळ्या आणायला गेले तेव्हा दुपारची गर्दी नव्हती. ताईंनी अर्धा तास दिला. बाकीचं मी वाचून काढलं.

फुप्फुसात जंतू शिरले की वायुकोशांत, म्हणजे हवेच्या इवल्या पिशव्यांत, राखणीला बसलेल्या भक्षक पेशी आधी त्यांना ओळखतात आणि रासायनिक संदेश सोडतात. त्यांनी जवळच्या रक्तवाहिन्या सैल होतात, त्यांच्या भिंतीतून पांढऱ्या पेशी, मुख्यतः न्यूट्रोफिल, बाहेर पडून वायुकोशात पोचतात आणि जंतू गिळायला लागतात. तेच संदेश मेंदूपर्यंत जाऊन ताप आणतात. सूज, दुखणं, ताप, घट्ट बेडका हा सगळा त्रास या कामातूनच निर्माण होतो. स्टेरॉइड हे संदेशच दाबतं. न्यूट्रोफिल रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून बाहेर पडण्याऐवजी रक्तातच फिरत राहतात. म्हणून रिपोर्टात त्यांची संख्या फुगलेली दिसते आणि जिथे त्यांची गरज असते त्या वायुकोशात त्या कमी पोचतात. डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन या दुखण्याच्या गोळ्या वेगळ्या वाटेनं जातात. ताप आणि वेदना वाढवणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं त्या बनू देत नाहीत. माणसाला बरं वाटतं. जंतूंना त्यानं काहीच होत नाही.

अण्णांना मी हे त्यांच्या मागाच्या भाषेत सांगितलं. ताण्याचा एखादा धागा तुटला की त्यावरची पत्र्याची बारीक पट्टी खाली पडते आणि माग आपोआप थांबतो. ती पट्टी कुणी वर बांधून ठेवली तर माग धडाधड चालत राहील, पाळी भरेल, आणि टॉवेल गाठी-भोकांचा निघेल. अण्णा लगेच म्हणाले, ‘असं करणाऱ्याला आम्ही कारखान्यात उभं करत नाही.’

पुडीत अँटिबायोटिक होतं, त्याचंही उत्तर मिळालं. ते कोणतं, किती मात्रेचं, किती दिवसांचं आणि त्या जंतूवर चालणारं आहे का, यातलं काहीच ठरवलेलं नव्हतं. दवाखान्याबाहेर, समाजात वावरताना होणाऱ्या जिवाणूजन्य न्यूमोनियात न्यूमोकोकस हा जंतू सर्वांत जास्त आढळतो. आपल्याकडे, विशेषतः साखर असलेल्यांत, क्लेब्सिएलासारखे जंतूही दिसतात. अंदाजानं दिलेली गोळी लागू पडली नाही, तर एरवी चढता ताप ते सांगतो आणि माणूस दवाखान्यात पोचतो. इथे ताप सांगूच शकत नव्हता. मधले दिवस वाया गेले ते त्यामुळे.

हे धोके वैद्यकाला नव्यानं कळलेत असंही नाही. कॉर्टिसोनच्या शोधासाठी हेंच, केंडॉल आणि राइशस्टाइन यांना १९५० साली नोबेल मिळालं. त्याच सुमारास बोस्टनमधल्या डॉक्टरांनी न्यूमोनियाच्या काही रोग्यांना एसीटीएच हे संप्रेरक देऊन पाहिलं होतं. त्यानं शरीर स्वतःच जास्त स्टेरॉइड बनवतं. रोग्यांचा ताप उतरला, चेहरे टवटवीत दिसायला लागले, पण जंतूंचा संसर्ग थांबलेला नव्हता. दुखण्याच्या गोळ्यांबाबत फ्रान्सच्या औषध नियामक संस्थेनं एप्रिल २०१९मध्ये इशारा दिला, की संसर्ग असताना आयबुप्रोफेन आणि कीटोप्रोफेन घेतल्यास गुंतागुंत वाढू शकते. न्यूमोनियाच्या रोग्यांत या गोळ्या आधी घेतलेल्यांना छातीत पू होणं आणि फुप्फुसात गळू होणं जास्त आढळलं, ते मुख्यतः तिथल्याच अभ्यासांत. ज्यांना जास्त दुखतं तेच जास्त गोळ्या घेतात, म्हणून अशा अभ्यासांतून सगळा दोष गोळीचाच असं ठामपणे म्हणता येत नाही. पण युरोपात आता आयबुप्रोफेनच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलं असतं, की हे औषध संसर्गाची लक्षणं झाकू शकतं आणि योग्य उपचाराला उशीर होऊ शकतो, आणि उदाहरणांत जिवाणूंच्या न्यूमोनियाचं नाव आहे. आपल्याकडे पुडीतल्या सुट्या गोळीसोबत माहितीपत्रक येतच नाही.

आता दुसरी बाजू. ती लिहिली नाही तर वाचणाऱ्याचं नुकसान होईल. दाह नेहमी दाबायचाच नाही, असं मुळीच नाही. तो हाताबाहेर गेला तर वायुकोश पाण्यानं भरतात आणि ऑक्सिजन आत जात नाही. २०२०मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत दिवसाला ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोननं ऑक्सिजनवर आणि व्हेंटिलेटरवर असलेल्या कोविड रोग्यांचे मृत्यू कमी झाले. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना मात्र काही फायदा दिसला नाही. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधल्या मोठ्या चाचणीत अतिदक्षता विभागातल्या गंभीर न्यूमोनियाच्या रोग्यांना दिवसाला २०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन दिलं, आणि २८ दिवसांतले मृत्यू सुमारे १२ टक्क्यांवरून सुमारे ६ टक्क्यांवर आले. ते रोगी दवाखान्यात होते, अँटिबायोटिकही चालू होतं आणि त्यांच्यावर सतत नजर होती. फ्लूचे रोगी त्या चाचणीत घेतलेच नव्हते, कारण फ्लूच्या न्यूमोनियात स्टेरॉइड दिलेल्यांत मृत्यू जास्त आढळले आहेत. म्हणजे औषध तेच, पण कुणाला, कधी, कशासोबत आणि कुणाच्या देखरेखीखाली, यावर सगळं अवलंबून. काउंटरवरून ते ठरवता येत नाही, असं ताईंचं म्हणणं आहे, आणि मला ते शंभर टक्के पटतं. २०२१ साली म्युकरनं, म्हणजे काळ्या बुरशीनं, महाराष्ट्रात काय केलं ते आपण पाहिलंय. साखर वाढलेली आणि स्टेरॉइड चाललेलं, अशा किती घरांत डोळा गेला, जबडा काढावा लागला.

दम्याचा पंप वापरणाऱ्यांनी, संधिवातासाठी किंवा आणखी कशासाठी डॉक्टरांनी लिहून दिलेलं स्टेरॉइड घेणाऱ्यांनी हे वाचून औषध बंद करू नये. बरेच दिवस स्टेरॉइड घेतलं की शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी करतं, आणि गोळी अचानक थांबवली तर जिवावर बेतू शकतं. अशा माणसाला ताप आला तर त्यानं डॉक्टरांना लवकर भेटायचं आणि गोळीचं नाव सांगायचं. अण्णांच्या शेजारची एक बाई घाबरून पंप टाकून द्यायला निघाली होती. ताईंनीच तिला थांबवलं आणि पंप ओढल्यावर चूळ कशी भरायची तेही दाखवलं.

दुकानाबद्दल आणखी काही. शेड्यूल एच-वन या सरकारी यादीतल्या, चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांची वेगळी वही इथे खरोखर भरली जाते. डॉक्टरांचं नाव, रोग्याचं नाव, औषध, किती दिलं, सगळं. २०१४पासून हा नियम आहे, वही तीन वर्षं जपायची असते, पण ती गिऱ्हाइकासमोर उघडून लिहिताना मी दुसरीकडे फार पाहिलेलं नाही. खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त आहे म्हटलं की ताई सिरप काढत नाहीत, बेडका तपासायला महापालिकेच्या आरोग्य केंद्रात किंवा सिव्हिलला पाठवतात. ती तपासणी फुकट आहे हेही सांगतात. विडी वळणाऱ्या आणि मागावर काम करणाऱ्या लोकांत खोकला ‘धुळीचा’ म्हणून महिनोन् महिने सोसला जातो. त्यात टीबी असेल आणि वर डेक्सा पडलं तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको. लेव्होफ्लॉक्सासिनसारखं अँटिबायोटिक अंदाजानं दिलं तर टीबीची लक्षणं तेवढ्यापुरती कमी होतात आणि निदान लांबतं, हे मला इथेच पहिल्यांदा कळलं. लहान मुलांसाठी कुणी निमेसुलाइड हे ताप-दुखण्याचं औषध मागितलं तर सरळ नाही म्हणतात. १२ वर्षांखालच्या मुलांसाठी त्यावर २०११पासून बंदी आहे.

साध्या तापाला त्या पॅरासिटामॉल देतात. दोन गोळ्यांत किती तासांचं अंतर ठेवायचं, दिवसात किती गोळ्यांच्या पुढे जायचं नाही, दारू पिणाऱ्यानं किती कमी घ्यायची, हे पाकिटावर पेनानं लिहून देतात. पाकीट कापलं तरी नाव आणि मुदतीची तारीख असलेला तुकडा गिऱ्हाइकाला मिळतो. आणि प्रत्येकाला सांगतात: श्वास जोरात चालला, छातीत टोचलं, ओठ निळसर दिसले, म्हातारं माणूस बरळायला लागलं, किंवा ताप उतरून परत चढला, तर माझ्याकडे येऊ नका, दवाखाना गाठा. म्हाताऱ्या माणसांना न्यूमोनियात ताप येतोच असं नाही, हे त्या मुद्दाम सांगतात. ही माहिती इतक्या सोप्या शब्दांत मला मोठ्या दवाखान्यांच्या भिंतींवरही वाचायला मिळालेली नाही.

उणिवाही आहेत. पाळ्या सुटण्याच्या वेळी इथे फार गर्दी होते, ताई एकट्या पडतात, आणि त्या नसताना काउंटरवरचा मुलगा ‘मॅडम आल्यावर या’ एवढंच म्हणतो. त्यालाही ऑक्सिमीटर लावायला आणि श्वास मोजायला शिकवावं. बसायला एकच स्टूल आहे. गाडी लावायला जागा नाही. इतर दुकानं बिलावर सूट देतात तशी इथे मिळत नाही, पण मागितलं तर त्याच औषधाचं स्वस्त जेनेरिक दाखवतात आणि त्यात सुटीपेक्षा जास्त पैसे वाचतात. काही कमी खपाची औषधं दुसऱ्या दिवशी मागवून मिळतात. रविवारी दुपारनंतर दुकान बंद असतं.

एक सूचना ताईंना प्रत्यक्षही केली आहे, इथेही लिहिते. काउंटरवर ‘डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय स्टेरॉइड व अँटिबायोटिक मिळणार नाही’ असा मराठी फलक आहे. या भागात बऱ्याच घरांत तेलुगू बोलतात, कानडी आणि उर्दू बोलणारेही खूप आहेत. फलक त्यांच्या भाषांतही हवा, आणि त्यात ‘का मिळणार नाही’ याच्या दोन ओळी हव्यात. वर्गातल्या मुलांकडून तेलुगू आणि कानडी मजकूर लिहून घ्यायचं मी कबूल केलंय. उर्दू सुवाच्य लिहिणारं कुणी ओळखीचं असेल तर दुकानात निरोप ठेवा.